बाकावर शिकलेलं वल्हं

सिस्टर,

गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला होडीवरून उतरवण्यात आलं. होडी तेव्हा पाण्यात नव्हती आणि मीही होडीत नव्हते. मी एका कार्यालयात खुर्चीवर बसले होते आणि समोरच्या तरुण साहेबांनी यादीतल्या माझ्या नावावर लाल पेननं रेघ मारली. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण त्यांच्या डोक्यामागच्या घड्याळाकडे मी मुद्दाम पाहिलं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई आधी अन्यायाची वेळ टिपते, मग रागावते. "आजी," साहेब म्हणाले, "तुम्ही खूप केलंत. आता घरी बसून नातवंडं सांभाळा." मी लग्नच केलेलं नाही तर नातवंडं कुठून आणू, ती तुमचं कार्यालय पुरवणार का, असं मी विचारलं. ते हसले. तिथे हसायला नको होतं.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा ही होडी कुठली ते आधी सांगायला हवं. विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले की इथे नांदेडात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. तेव्हा माणसं काढायला आम्हा सहा जणांचं बिनपगारी पथक आहे: दोन रिक्षावाले, भोई गल्लीतले दोघे भाऊ, एक निवृत्त कंपाउंडर आणि मी. रबरी होडी सरकारी आहे, हात आमचे. इंजिन आहे, पण गोदावरीत जलपर्णी इतकी माजली आहे की ती पंख्याला गुंडाळली की इंजिन गप्प होतं आणि पाचही जण माझ्याकडे बघतात. मग मी वल्हं उचलते. एका लयीत कसं ओढायचं ते त्यांना मीच शिकवलं आहे. आणि मला ते तुम्ही शिकवलंत, अशा वर्षी जेव्हा या नदीत वल्हं बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ. मी सातवीत होते. आम्ही पोरी गोदावरी चपला न काढता ओलांडायचो. भूगोलाच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या तुमच्या गावाबद्दल बोलायला लागलात. तिथे समुद्रात जहाज अडकलं की भोंगा वाजतो. मग कोळी जाळं टाकून, सुतार रंधा टाकून, खाटीक सुरा टाकून धावतो, आणि ते सगळे मिळून वादळात होडी घालतात. तुमचे वडील त्यांतले एक. तुम्ही एक फार जुनी हकिगतही सांगितली होती: वादळ इतकं की आपल्या बंदरातून होडी सुटेना, म्हणून माणसांनी आणि घोड्यांनी ती टेकड्यांवरून ओढत दुसऱ्या बंदराला नेली आणि तिथून पाण्यात घातली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सिस्टर, घोडे कशाला? बैल का नाही जुंपले?" तुम्ही गंभीरपणे विचार केलात आणि म्हणालात, "त्यांच्याकडे बैल नसावेत." आम्हाला त्या लोकांची फार दया आली.

मी विचारलं होतं, बुडणारी माणसं त्यांच्या गावची होती का. नाही. नात्यातली? नाही. मग पगार मिळायचा? नाही. हे मी घरी माझ्या वडिलांना, दादांना, सांगितलं. दादा गिरणीतून आले होते, अंगावर कापसाचे तंतू. ते म्हणाले, "सिस्टर थापा मारून राहिल्या. नात्याच्या न्हाई, पगाराच्या न्हाई, अशा माणसापायी कोण जातंय मरायला?" मग भिंतीवरच्या फोटोकडे त्यांची नजर गेली. आमच्या वस्तीत प्रत्येक घरात तो एकच फोटो होता. ते म्हणाले, "एक गेला तसा. पर तो एकच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मैदानात चार बाक एकामागे एक मांडायला लावलेत. पोरींच्या हातात मंडपाचे बांबू दिलेत. तुम्ही सगळ्यांत पुढे, आमच्याकडे तोंड करून, स्टुलावर. "मुलींनो, वाका! बुडवा! ओढा!" कुंपणापलीकडे पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलेली माणसं पोट धरून हसायची. नदी आटली म्हणून सिस्टरचं डोकंही आटलं, असं कोणीतरी म्हणालं. तुम्ही ते ऐकलंत, तुम्हाला ते कळलंही, आणि तुम्ही फक्त लय वाढवलीत. मला त्या वेळी तुमची लाज वाटली होती. ती लाज वाटल्याची लाज मला अजून वाटते.

त्या खेळाचा उपयोग मात्र आठवड्याभरातच कळला. आसपासच्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या आणि शाळेच्याच विहिरीला पाणी राहिलं, तेही पन्नास हात खाली. तुम्ही फाटक उघडलंत. बायका रांगेनं घागरी ठेवायच्या आणि आम्ही चार-चार पोरी दोरावर बाकावरच्याच लयीत पोहरा ओढायचो: वाका, धरा, ओढा. एके सकाळी पलीकडच्या माडीतल्या काकू आल्या. गावाकडे त्यांची पुष्कळ जमीन होती. त्या कधी पाण्याला येत नसत, त्यांची गडीमाणसं येत. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सिस्टर, त्या पोरीला दोराला नका लावू. आमच्याकडं चालत न्हाई."

तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. आम्हा चौघींना बाजूला केलंत, दोर काकूंच्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुमचं पाणी तुम्ही ओढा. इथे ज्याला हात आहेत तो ओढतो." काकूंनी पदर खोचला. दहा-बारा हात ओढलं, तळवे सोलले, आणि भरलेला पोहरा त्यांनाच विहिरीकडे ओढायला लागला. दोन पावलं त्या फरफटल्या. मी मोठ्यांदा हसले. तुम्ही वळलात आणि तुमचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "बुडणाऱ्याला हसायचं नाही. जा, धर तिचा दोर." मी गेले. तिच्या मागे उभी राहून तोच दोर धरला. वाका, धरा, ओढा. काकूंना लय जमेना, म्हणून मी मोठ्यानं मोजायला लागले, आणि पाण्यानं भरलेला पोहरा वर आला. आता हे पाणी कोणी ओढलेलं, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी घागर भरली, कमरेवर घेतली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चल गं, मोज."

सिस्टर, माझ्यावर उपकार केल्याचं लोकांनी मला आयुष्यभर ऐकवलं. शाळेत घेतलं म्हणून, नोकरी दिली म्हणून, खुर्ची दिली म्हणून. तुम्ही त्या दिवशी उपकार केला नाहीत. मला रागावलात आणि काम दिलंत. त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी तुमच्यासमोर कधी धड बोलले नाही, कारण तुमच्यासमोर मला नेहमी काहीतरी तिखटच सुचायचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि मी तिथे कारकून म्हणून रुजू झाले. भावाभावांची वाटणी परवडली, जिल्ह्याची नको. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून वाटा येत होता: कपाटं, टाइपरायटर, पाय मोडलेली टेबलं, पंखे. जडवस्तूंच्या नोंदवहीत हे सगळं मी लिहून घेत होते. एका दुपारी ट्रकमधून लाकडी होडी उतरली. चार वल्ह्यांसकट. आमचे शिपाई चाचा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाई, लातूर में पीने कू पानी नई, और ये लोगां नाव भेजे? इसमें क्या ज्वारी भरना?" अख्खं कार्यालय हसलं. मी होडीभोवती फिरले, वल्ही मोजली, एकाची मूठ सैल होती ती लिहिली. मग आत चढून बसले. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या होडीत बसले, ती ट्रकशेजारी, मुरमावर.

दुसऱ्या पावसाळ्यात मांजरेला पूर आला. नदीकाठच्या एका वस्तीवर अकरा माणसं शाळेच्या छपरावर अडकली. साहेबांनी विचारलं, "होडी कोणाला चालवता येते?" सगळे फायलींत डोकं घालून बसले. मी म्हणाले, मला येते. "कुठं शिकलात?" "नांदेडला, शाळेच्या मैदानात." त्यांना वाटलं मैदानात तळं असेल. मी ते दुरुस्त केलं नाही. डांबरी रस्ता संपेपर्यंत ट्रक, पुढे काळ्या चिखलात दोन बैलजोड्या जुंपल्या आणि होडी ओढत नेली. चालता चालता मला पहिल्या बाकावरची ती मुलगी आठवली. तिचा सल्ला अखेर कोणीतरी मानला होता.

काठावर एक म्हातारे भोईकाका आले, हातात लांब बांबू. मी तुम्ही शिकवलं तशी बसले, पाठ पुढे करून. काका उभे राहिले, तोंड पुढे करून. दोघांनी आपापल्या रीतीनं जोर लावला आणि होडी भर पुरात जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

"बाई, कुठं चाललाव?" काका ओरडले.

"शाळेकडं!"

"मग शाळेकडं तोंड करा की! रुसल्यावानी पाठ दावून काय बसलाव?"

"आमच्या सिस्टरनी असंच शिकवलंय!"

"सिस्टर पाण्यात हुती का?"

"स्टुलावर होत्या!"

छपरावरून एक म्हातारी किंचाळली, "आगं बया, आधी त्यांनाच वाचवा कुनीतरी!"

तेव्हा मला कळलं की आम्ही अर्धाच धडा शिकलो होतो. बाकावर आम्ही चौघी ओढायचो आणि तुम्ही समोर बसून पुढचं बघायचात. ओढणाऱ्यानं बघायचं नसतं, बघणाऱ्यावर विश्वास टाकायचा असतो. बाक कुठे जात नव्हते, म्हणून ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मी ओरडून म्हणाले, "काका, तुम्ही फक्त बघा आणि सांगा. मी ओढते." काकांनी बांबू आडवा ठेवला. "डावं ओढा. लई झालं. आता दोनी." होडी सरळ निघाली. तीन खेपांत अकरा माणसं आणि एक शेळी. शेळीशिवाय म्हातारी उतरेना.

दुसऱ्या खेपेला माझा पाय निसटला आणि मी कमरेपर्यंत बाहेर गेले. काकांनी वेणी धरून मला आत ओढलं. "पवता येतंय न्हवं?" मी नाही म्हणून मान हलवली. काका माझ्याकडे बघतच राहिले. दुष्काळात वाढलेल्या पोरीला वल्हं मारता येतं आणि पोहता येत नाही, असं उलटं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी एसटीनं नांदेडला आले, तुम्हाला शौर्यकथा सांगायला. तुम्ही कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात होतात. शिकवणं सुटलं होतं, पाव भाजणं सुटलं नव्हतं. पिठाच्या हातानं तुम्ही सगळं ऐकलंत, म्हातारीच्या शेळीला खूप हसलात. मग विचारलंत, "पोहता येत नाही, हे त्याला होडीत बसायच्या आधी सांगितलं होतंस?"

"त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं."

"विचारल्यावर सांगितलेलं मोजत नाही."

मला राग आला. अकरा माणसं काढली आणि तुम्ही चूक काढताय! तुम्ही पीठ मळत राहिलात. म्हणालात, "माझ्या वडिलांनाही पोहता येत नव्हतं. त्या होडीत निम्म्यांना येत नव्हतं. पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. तू पडलीस तर तुझ्यामागे कोणी जायचं, हे आधी ठरलेलं असावं. ठरलेलं नसलं की दोघं एकदम उडी मारतात, वल्ही रिकामी राहतात आणि छपरावरचे छपरावरच राहतात." मग भट्टीचं दार लावता लावता एवढंच म्हणालात, "होडीत बसायच्या आधी सांगायचं. प्रत्येक वेळी, प्रत्येकाला." आणि गरम पाव माझ्या हातात ठेवलात. इतका गरम की मला भांडता येईना.

लातूरला मी ते पाळलं. पुढे जेव्हा जेव्हा होडी निघाली, मी आधी सांगितलं. लोक हसायचे, पण कोणाला तरी नेमून ठेवायचे. आता मूळ अन्यायाकडे येते.

त्या मंगळवारी मी साहेबांना म्हणाले, वयाचा नियम मला लेखी दाखवा. नियम नाही तर रेघ कशी मारली? तुम्हाला माझं तोंड ठाऊक आहे. मी तिथेच कागद मागून अर्ज लिहिला, पोच घेतली, सात दिवसांची मुदत दिली. साहेब घाबरले असावेत, कारण सहाव्या दिवशी खरंच लेखी उत्तर आलं. वयाची अट नाही, आपलं म्हणणं रास्त आहे, रेघ मागे घेत आहोत. मी चष्मा पुसून पुढचं वाचलं. मात्र नियमानुसार पथकातल्या प्रत्येकाची पोहण्याची चाचणी आवश्यक असून ती अमुक शनिवारी सकाळी सात वाजता जलतरण तलावावर घेण्यात येईल. तो अमुक शनिवार आता तीन दिवसांवर आला आहे. हा नियम मीच मागवून घेतला, सिस्टर. पोचपावतीसह.

पंधरा दिवस मी तलावावर बायकांच्या वेळेत जाते. शिकवणारी बाई माझ्या निम्म्या वयाची आहे. "आजी, पाण्याशी भांडू नका, ते ऐकून घेत न्हाई," असं मला रोज सांगते. काठ सोडून बारा फूट जाते आणि पुन्हा काठ धरते. चाचणीत तलावाची अख्खी लांबी, पन्नास मीटर, पार करायची आहे. शनिवारपर्यंत मला पन्नास मीटर पोहता येणार नाही, हे तिलाही कळलंय आणि मलाही.

पण माझी झोप चाचणीमुळे उडालेली नाही. नापास झाले तर काठावर राहून दोर धरीन. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथे आले आणि पथकात गेले, तेव्हा भोई गल्लीतल्या थोरल्यानं विचारलं होतं, "बाई, तिकडं मांजरेच्या पुरात पोहून माणसं काढलाव म्हणे?" सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. मी म्हणाले, "झालं ते झालं." एवढंच. खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. त्यानंतर सात पावसाळे मी त्या पाच जणांबरोबर होडीत बसले, आणि माझ्यामागे कोणी उडी मारायची हे एकदाही ठरलेलं नव्हतं. कारण माझ्यामागे उडी मारावी लागेल, असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. गेल्या वर्षी जलपर्णीत होडी कलली, तेव्हा थोरला भाऊ एका बाईला ओढत होता. त्या क्षणी मी पडले असते तर तो तिला सोडून माझ्याकडे वळला असता की नाही, या प्रश्नावर मी सध्या पहाटेपर्यंत जागी असते. साहेबांनी रेघ चुकीच्या कारणासाठी मारली. पण रेघ मारण्याजोगं माझ्याकडे काहीतरी होतं, हे त्यांना नव्हे, मला ठाऊक होतं.

शनिवारी पाण्यात उतरल्यावर त्यांना कळेलच. पण विचारल्यावर सांगितलेलं मोजत नाही, आणि उघडं पडल्यावर कळलेलं तर मुळीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सहाही जण घाटावर होडी धुवायला जमतो. सांगायचं तर तिथेच. मी वाक्यं तयार करून पाहिली. प्रत्येक वाक्यात मी थोडी बरी दिसते. म्हणून सगळी फाडून टाकली.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला लिहिलेली आधीची पत्रंही टाकली नाहीत, तुम्ही जिवंत होतात तेव्हाचीसुद्धा. त्या पत्रांत मी तुमचे आभार मानले होते आणि मग वाटलं, सिस्टर म्हणतील, एवढं गोड लिहितेस, काय लपवते आहेस? हेही तसंच आहे, हे कबूल करते. चार पानं आभार मानून मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. मला सूट हवी आहे. वय झालंय, सात वर्षांत काही वाईट घडलं नाही, नापास झाल्यावर आपोआप काठावर जाईन, मग तोंडानं सांगायची गरज काय, असं तुमच्या अक्षरात मला हवं आहे.

तरी, सिस्टर, शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत तशी लेखी सूट मला मिळावी. मुदतीत उत्तर न आल्यास तुमचा आधीचाच आदेश कायम आहे असं गृहीत धरण्यात येईल, आणि सव्वापाच वाजता मी घाटावर हजर राहीन.